साखरेची कैफियत : प्रस्तावना

इन्शुलिनवर असलेल्या मधुमेही माणसाला ज्या एका प्रश्नाने वर्षानुवर्षे छळलेले असते, तो प्रश्न वैद्यकाच्या लोकोपयोगी पुस्तकांत फार थोड्या ठिकाणी सरळपणे विचारलेला आढळतो. काल सकाळी जितकी युनिटे टोचून घेतली तितकीच आज घेतली, काल जी दीड भाकरी आणि वाटीभर आमटी पानात होती तीच आज होती, कचेरी तीच, चालणेही तेवढेच. असे असता काल दुपारी १३० भरलेली साखर आज २६० का भरावी, आणि परवा नेमक्या त्याच वेळी हातपाय थरथरून घामाने सदरा का भिजावा, याचा उलगडा त्याला कोणी करून देत नाही. घरचे लोक म्हणतात, ‘काहीतरी खाल्लं असशील.’ दवाखान्यात तपासणीचा कागद हातात घेऊन डॉक्टर चष्म्यावरून पाहतात आणि तेच वाक्य किंचित सभ्य भाषेत उच्चारतात. रुग्णाने वस्तुतः काहीही खाल्लेले नसते. पण हा आरोप इतक्यांदा आणि इतक्या आपुलकीने त्याच्यावर होतो, की कालांतराने तो स्वतःच्या स्मरणशक्तीविषयीच साशंक होऊ लागतो, आणि पुढे पुढे तर तपासणीच टाळू लागतो.

प्रस्तुत पुस्तक या साशंक झालेल्या माणसासाठी लिहिलेले आहे. लेखिका व्यवसायाने शिक्षिका असून शाळकरी वयापासून इन्शुलिन घेत आल्या आहेत. मी वैद्यकीय व्यवसायातला, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारा. मधुमेहावर मराठीत पुस्तके थोडी नाहीत, परंतु त्यांतली बहुतेक पथ्याची पुस्तके होत. काय खावे आणि काय वर्ज्य करावे यांच्या याद्या त्यांत असतात, आणि त्या याद्यांच्या हिशेबाने रुग्ण एकतर आज्ञाधारक ठरतो किंवा गुन्हेगार ठरतो. तिसरा वर्गच उरत नाही. लेखिकेने त्या तिसऱ्या वर्गाची बाजू मांडली आहे. अस्थिर साखर हा बहुतेक वेळा कारणांचा प्रश्न असतो, रुग्णाच्या चारित्र्याचा क्वचितच, आणि त्या कारणांपैकी पुष्कळशी शोधली तर सापडतात, हे त्यांचे म्हणणे. मला ते पूर्णपणे मान्य असल्यामुळेच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी पत्करले.

विषयाचा आरंभ थोडा मागे जाऊन करावा लागेल. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले, म्हणजे जन्मतः येणारा आणि आहारविहाराने ओढवणारा असा फरक आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. पण त्या पहिल्या प्रकाराला उपाय नव्हता, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत तो युरोप-अमेरिकेतही नव्हता. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासमारीची चिकित्सा हाच तेव्हा उत्तमांतला उत्तम उपचार. तिच्यामुळे मुले काही महिने, क्वचित दोनचार वर्षे अधिक जगत, आणि हाडांचा सापळा होऊन मग जात. टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. त्या दिवशीचा अर्क अशुद्ध निघाला. २३ तारखेला पुन्हा टोचलेल्या, कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र गुण आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात टोरोंटोला आलेली एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी अ‍ॅलन यांच्या पथ्यावर वीस किलोच्या आसपास वजन घेऊन जगत होती. ती पुढे शिकली, तिने संसार केला, आणि १९८१ साली वारली.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पोटातली दुसरी हकीकत मात्र सहसा सांगितली जात नाही. इन्शुलिनचे मोजमाप प्रथम ठरवले गेले ते सशांवरून. उपाशी ठेवलेल्या दोन किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा ज्या मात्रेने ४५ पर्यंत उतरते, म्हणजे त्याला आचके येण्याच्या पायरीवर येते, ती मात्रा म्हणजे एक युनिट, अशी ती मूळ व्याख्या होती. पुढे युनिट लहान करण्यात आले आणि व्याख्याही बदलली. परंतु साखर धोक्याच्या खाली नेण्याची शक्ती हीच ज्या औषधाच्या मापाची आद्य कसोटी होती, ते औषध रोज स्वतःच्या हाताने टोचून घेणाऱ्या माणसाने किती बारकाईने वागणे आपण गृहीत धरतो, आणि ते बारकाईने वागण्याची साधने त्याला किती थोडी देतो, याचा विचार या एका तपशिलावरून करावा.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड इन्शुलिन सोडते ते थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात, क्षणोक्षणी गरज पाहून. आणि सोडलेले इन्शुलिन रक्तात दहा मिनिटेही पुरते टिकत नाही. साखर उतरू लागली की ते स्रवणे थांबते, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन हा दुसरा स्राव निघून यकृतातला साठा मोकळा करतो. टोचलेल्या इन्शुलिनला यातले काहीच ठाऊक नसते. ते त्वचेखालच्या चरबीत पडते, तिथून आपल्या गतीने रक्तात झिरपते, यकृताला नंतर आणि बाकीच्या शरीराला आधी भेटते; आणि एकदा सुटलेला हा बाण जेवण पुढे ढकलले गेले म्हणून परत घेता येत नाही. शिवाय पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काही वर्षांनी ग्लुकागॉनचे ते उत्तरही येईनासे होते. म्हणजे निसर्गाने दिलेल्या दोन्ही राखणदारांच्या गैरहजेरीत या माणसाला अंदाजाने कारभार करावयाचा असतो. त्यात चूक होणे साहजिक आहे. आश्चर्य वाटावयाचे तर ते पुष्कळ दिवस बरोबर कसे येते याचे वाटावे.

झिरपण्याची ही गती दररोज सारखी नसते, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात पहिल्या प्रकारच्या मधुमेहींना त्याच मात्रेचे इन्शुलिन मांडीत वेगवेगळ्या दिवशी टोचून त्याचा परिणाम काटेकोरपणे मोजला गेला. एकाच माणसातल्या परिणामाची दिवसागणिक तफावत दाखवणारा विचलन-गुणांक एनपीएच या जुन्या दुधाळ इन्शुलिनाच्या बाबतीत ६८ टक्के, ग्लार्जिनच्या बाबतीत ४८ टक्के आणि डेटेमिरच्या बाबतीत २७ टक्के भरला. प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या हातून टोचलेल्या मात्रांची ही स्थिती. तेव्हा सकाळी डबा भरता भरता स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने टोचून घेतलेल्या मात्रेची काय कथा! दुधाळ इन्शुलिन शिशीत तळाला बसते. ते हलक्या हाताने दहा वेळा तळव्यांत फिरवून आणि दहा वेळा उलटेसुलटे करून एकजीव केले नाही, तर एके दिवशी पातळ पाणी टोचले जाते आणि दुसऱ्या दिवशी दाट साका. तीस-सत्तरच्या ज्या मिश्रणावर आपल्याकडचे असंख्य रुग्ण आहेत, त्यातले सत्तर भाग हेच दुधाळ इन्शुलिन असते.

याहून अधिक घोटाळा करणारी, आणि तरीही दवाखान्यात सर्वात कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे टोचण्याची जागा. पोटावर टोचलेले इन्शुलिन लवकर लागू पडते, दंडावर त्याहून सावकाश, मांडीवर आणि कुल्ल्यावर सर्वात सावकाश. पण खरा प्रश्न निराळाच आहे. एकाच ठिकाणी महिनोन्महिने टोचत राहिले की तिथली चरबी फुगून मऊ गादीसारखी गाठ तयार होते, आणि त्या गाठीत सुई दुखत नाही. साहजिकच रुग्णाचा हात रोज तिथेच जातो. त्या गाठीतून इन्शुलिन कधी अर्धवट शोषले जाते, कधी उशिरा, कधी एकदम. मग मात्रा वाढवली जाते. आणि एखाद्या दिवशी नवी परिचारिका किंवा मुलगा निरोगी जागी टोचतो तेव्हा तीच वाढवलेली मात्रा साखर पार तळाला नेते. रुग्णाचे पोट उघडे करून बोटांनी चाचपून पाहणे हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग आहे. महागड्या तपासण्या लिहून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंपैकी किती जण तो करतात, हे या पुस्तकातले टोचण्याच्या जागांवरचे प्रकरण वाचणाऱ्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे. माझे मत फारसे अनुकूल नाही.

सिरिंजांचा घोटाळा तर खास आपल्याकडचा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इन्शुलिनच्या शिश्या बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटे या ताकदीच्या असतात, आणि पेनात बसणारी काडतुसे व काही नवी इन्शुलिने १०० युनिटांची. सिरिंजाही तशाच दोन: लाल टोपणाची चाळीसची आणि नारिंगी टोपणाची शंभरची. चाळीसच्या शिशीतले औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात २० ऐवजी ८ युनिटे जातात. उलट शंभरच्या ताकदीचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ५० युनिटे जातात, आणि ही दुसरी चूक प्राणावर बेतू शकते. दुकानदाराने लाल संपल्या म्हणून नारिंगी दिल्या, एवढ्याशा कारणाने एखाद्या घरात महिनाभर साखर ४०० वर राहते, आणि त्या महिन्यात घरातली सगळी माणसे मिळून आजोबांच्या खिशात बर्फी शोधत असतात.

औषध साठवण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात ते सविस्तर आले आहे. न उघडलेली शिशी दोन ते आठ अंश तापमानात, फ्रीजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवावयाची. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते. उघडलेली शिशी घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते, परंतु विदर्भातल्या मे महिन्यातल्या घराला थंड जागा म्हणता येत नाही. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज भरवशाची नाही त्यांनी शिशी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून मातीच्या माठाचा किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा आश्रय घ्यावा. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. कोकणच्या दमट हवेत तेवढा नाही.

आता जेवणाकडे वळू. पथ्याची पुस्तके इथेच सुरू होतात आणि इथेच संपतात, म्हणून लेखिकेने हा विषय मुद्दाम मागे ठेवला आहे, असे मला वाटते. त्यांचे विवेचन पदार्थांच्या बरेवाईटपणावर नसून वेळेवर आहे. साधे, पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे जुने इन्शुलिन टोचल्यानंतर अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर होतो, आणि सहा-आठ तास त्याचा अंमल राहतो. आपल्या लग्नाची पंगत मात्र कोणाच्याही अंमलाखाली नसते. मुहूर्त साडेबाराचा, यजमान म्हणतात ‘पानं मांडलीच आहेत’, त्या भरवशावर पाहुणा हात धुण्याच्या जागेशी उभा राहून टोचून घेतो, आणि प्रत्यक्षात वरण-भात पानात पडतो तो दोन वाजता. मधल्या वेळात त्याचा चेहरा पांढरा पडतो, बोलणे तुटक होते, आणि आजूबाजूच्यांना वाटते की उन्हाने चक्कर आली. पान वाढून झाल्याखेरीज सुई बाहेर काढू नये, थोडी साखर वाढली तरी चालेल, हा लेखिकेचा सल्ला शास्त्राच्या कडक नियमांत बसणारा नसेल. पण मी तो माझ्या रुग्णांना बिनदिक्कत देतो. लवकर लागू पडणारी नवी इन्शुलिने ज्यांना परवडतात त्यांची या कचाट्यातून बरीच सुटका होते.

उपवासाची गोष्ट याच्या अगदी उलट. एकादशीला ‘आज काही खाल्लं नाही’ असे सांगणाऱ्या माणसाच्या पोटात साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे दोन लाडू असतात; साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे साखर चढते, आणि उपवास केला म्हणून इन्शुलिन निम्मे केलेले असल्यास ती फारच चढते. संकष्टीला मात्र दिवसभर खरोखरीच निरंकार राहून चंद्रोदयापर्यंत थांबणारी माणसे आहेत. त्यांनी सकाळचे मिश्रण नेहमीप्रमाणे टोचले तर दुपारनंतर त्यातला दुधाळ भाग आपला वाटा मागू लागतो. दोन्ही दिवसांना आपण उपवास हे एकच नाव देतो आणि दोन्ही दिवशी मात्रेत करावयाचे फेरफार मात्र परस्परविरुद्ध असतात. पुरणपोळी आणि तूप यांचा व्यवहार आणखी वेगळा: तुपामुळे पोट सावकाश रिकामे होते, म्हणून दोन तासांनी मोजलेली साखर समाधानकारक दिसते आणि पाच तासांनी मोजलेली चकित करते. ज्यांच्या जठराच्या नसाच मधुमेहाने दुबळ्या झाल्या आहेत त्यांच्या बाबतीत तर साध्या भाताचाही पोचण्याचा वेळ सांगता येत नाही.

श्रमाने इन्शुलिनचा जोर वाढतो, हे लंडनच्या डॉ. रॉबिन लॉरेन्स यांनी १९२६ सालीच लिहून ठेवले. ते स्वतः मधुमेही होते. १९२३ साली मरणाच्या दारात असता त्यांना इन्शुलिन मिळाले, आणि पुढे एच. जी. वेल्स या आपल्या मधुमेही रुग्णाला हाताशी धरून त्यांनी १९३४ साली इंग्लंडातल्या मधुमेहींची संघटना उभी केली. रुग्णानेच रुग्णांसाठी लिहिण्याची परंपरा या रोगाच्या बाबतीत अशी जुनी आहे. श्रमाचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, ही गोष्ट मात्र अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. दिवसभर वारीत चालून मुक्कामाला पोचलेल्या वारकऱ्याची साखर रात्री दोन वाजता, गाढ झोपेत उतरू शकते, कारण रिकामे झालेले स्नायू आणि यकृत रात्रभर आपला साठा भरून घेत असतात. अडीचशे किलोमीटर चालण्याचा बेत असेल तर मात्रेचा विचार डॉक्टरांबरोबर निघण्यापूर्वीच झाला पाहिजे, आणि झोपण्यापूर्वी साखर मोजून, कमी असल्यास काही खाऊन मगच आडवे झाले पाहिजे.

सकाळच्या वाढलेल्या साखरेचा वाद जुना आहे. मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात असा सिद्धांत मांडला, की रात्री साखर नकळत उतरते, शरीर घाबरून साठा मोकळा करते, आणि म्हणून सकाळी ती चढलेली दिसते. सबब इन्शुलिन कमी करावे. कित्येक दशके डॉक्टर हे प्रमाण मानून चालले. पुढे रात्रभर अखंड मोजणी शक्य झाल्यावर या सिद्धांताचा आधार बराच दुबळा झाला: रात्री ज्यांची साखर उतरते त्यांची सकाळचीही बहुधा कमीच भरते, आणि सकाळी चढलेली साखर पुष्कळदा पहाटे वाढणाऱ्या स्रावांमुळे किंवा रात्रीचे इन्शुलिन अपुरे पडल्यामुळे चढलेली असते. तर्काने यातले काहीच ठरत नाही. पहाटे तीनचा गजर लावून दोनतीन रात्री बोट टोचले की ठरते.

साखर उतरणे हा या विषयातला सर्वात भयप्रद भाग, आणि लेखिकेने तो स्वानुभवाने लिहिला आहे. ७० च्या खाली साखर गेली की घाम, धडधड, कंप आणि भूक ही लक्षणे सुरू होतात. ५४ च्या खाली बुद्धीचा कारभार बिघडतो, माणूस हट्टी होतो, साखर घ्यायला नको म्हणतो, प्रसंगी अंगावर येतो. तीन चहाचे चमचे साखर किंवा तितकेच ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावयाचे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावयाचे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावयाचे. पेढा किंवा चॉकलेट तेव्हा कामाचे नाही, कारण त्यातली स्निग्धता साखरेला अडवून धरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतण्याची जी चाल घरोघरी दिसते ती जिवावर बेतणारी आहे, कारण ते पाणी श्वासनलिकेत जाते; अशा वेळी ग्लुकागॉनची सुई जवळ असल्यास ती द्यावी आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. वारंवार साखर उतरत राहिली की शरीर घाम-धडधडीची सूचना देणेच सोडून देते, आणि मग माणूस चालताबोलता कोसळतो. अमेरिका आणि कॅनडा येथील १४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने काटेकोर नियंत्रणाचा फायदा निर्विवादपणे सिद्ध केला. ज्यांचे दृष्टिपटल सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात त्याची विकृती सुरू होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. परंतु त्याच अभ्यासात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. पहिला आकडा प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतो, दुसरा क्वचित.

दोन गोष्टी अशा आहेत, की ज्यांत सामान्य समजूत नेमकी उलट्या दिशेने नेते. ताप आला, जेवण गेले, म्हणून इन्शुलिन बंद करणे ही पहिली. तापात शरीराची इन्शुलिनची गरज उलट वाढते, आणि पहिल्या प्रकारच्या रुग्णाने ते बंद केले तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ले साठून तो अत्यवस्थ होतो. दुसरी अधिक करुण आहे. वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेवर असलेल्या माणसाची गरज हळूहळू कमी होऊ लागते, साखर वरचेवर उतरू लागते, आणि घरात आनंदीआनंद होतो की मधुमेह बरा होत आला. इन्शुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती निकामी होत चालली की इन्शुलिन अंगात अधिक काळ रेंगाळते. मात्रा आपोआप घटू लागली तर पेढे वाटण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासावे.

या सगळ्या कारणांची छाननी करावयाची तर मोजणी हवी, आणि मोजणीचा इतिहास फार जुना नाही. कैक मराठी घरांत एके काळी स्टोव्हवर परीक्षानळी धरून बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब उकळण्याचा विधी चाले, आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी यावर दिवस ठरे. रक्तातली साखर साधारण १८० ओलांडल्याखेरीज लघवीत उतरत नाही, म्हणजे त्या निळ्या रंगाने १७० आणि ४० यांतला भेद कधीच सांगितला नाही. १९६९ साली न्यूयॉर्कचे एक मधुमेही अभियंता, रिचर्ड बर्नस्टीन, यांनी रुग्णालयांनाच विकले जाणारे रक्तशर्करेचे यंत्र डॉक्टर पत्नीच्या नावाने मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून आपल्या साखरेचा नकाशा काढला. वैद्यकीय नियतकालिकांनी अभियंत्याचे लिखाण छापण्याचे नाकारले, तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन बाहेर पडले. पिष्टान्नावर त्यांनी घातलेली अतिकडक मर्यादा भाकरी-भातावर वाढलेल्या माणसाला झेपेल असे मला वाटत नाही. त्यांचा मूळ मुद्दा मात्र अभियंत्याला शोभणारा आणि बिनतोड आहे. मोठ्या जेवणाचा अंदाज मोठ्या फरकाने चुकतो आणि मोठ्या मात्रेचे शोषणही मोठ्या फरकाने चुकते. दोन्ही लहान ठेवली तर चूकही लहान राहते. पुस्तकातल्या ‘थोडे, वेळेवर, लिहून’ या त्रिसूत्रीचे मूळ यातच आहे.

यंत्रावरही आंधळा विश्वास नको. चांगल्या प्रतीच्या ग्लुकोमीटरलाही आंतरराष्ट्रीय मानकाने १०० च्या वर १५ टक्क्यांची सूट दिलेली आहे, म्हणजे खरी साखर २०० असता यंत्राने १७० दाखवली किंवा २३० दाखवली तरी ते निर्दोष. दंडावर चिकटवायचे नवे सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतात आणि ती रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटे असते. तिमाहीचे एचबीए१सी हे सरासरी सांगते: सात टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४, पण ती सरासरी १४० आणि १७० यांची आहे की ५० आणि २६० यांची, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. म्हणूनच सेन्सर वापरणाऱ्याची साखर ७० ते १८० या दरम्यान दिवसाचा किती वेळ राहिली हे पाहण्याची पद्धत आता रूढ होत आहे. सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ राहिली तर बहुतेकांच्या बाबतीत उत्तम समजतात. उरलेल्या तीस टक्क्यांबद्दल माफी मागण्याचे कारण नाही, हेही त्यात आलेच. सतत दिसणाऱ्या आकड्याचा एक नवा उपद्रवही आहे: साखर उतरत नाही म्हणून तासातासाला थोडे थोडे इन्शुलिन टोचण्याचा मोह होतो, आणि आधीच्या मात्रा अजून अंगात असल्यामुळे सगळ्यांचा अंमल एकदम येतो.

सेन्सर ज्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि ते बहुसंख्य आहेत, त्यांच्यासाठी लेखिकेने सुचवलेली साधी वही मला अधिक मोलाची वाटते. महिन्यातून एकदा उपाशीपोटीची साखर पाहून महिनाभराचा निकाल लावण्यापेक्षा, तेवढ्याच पट्ट्यांत एखादा दिवस निवडून त्या दिवशी न्याहारीपूर्वी, जेवणानंतर, झोपताना आणि पहाटे मोजावे. शेजारी मात्रा, टोचण्याची जागा, जेवणाची खरी वेळ आणि काही विशेष घडले असल्यास ते लिहावे. बदल एका वेळी एकच करावा आणि तो दोनतीन दिवस टिकवावा, नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही. असे करूनही काही चढउतार अखेरपर्यंत निरुत्तर राहतील. त्यांची नोंद करून पुढच्या पानावर जावे. त्यांच्यासाठी कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नाही.

हे पुस्तक रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांनी वाचावे, आणि माझ्या व्यवसायबंधूंनी वाचले तर मला अधिक आनंद होईल. वाचकांना एक सूचना मात्र देणे माझे कर्तव्य आहे. यातल्या माहितीने प्रश्न विचारता येतील, वही नीट ठेवता येईल, सिरिंजचे टोपण आणि पोटावरची गाठ आजच्या आज तपासता येईल. मात्रेतला फेरफार ती वही समोर ठेवून आपल्या डॉक्टरांबरोबरच करावा, आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहीने कोणत्याही तापात, कोणत्याही उपवासात, कोणाच्याही सांगण्यावरून इन्शुलिन पूर्णपणे बंद करू नये.